तिसरं ‘नको’

माझा या देशात राहायचा परवाना संपायला एकोणीस दिवस उरले होते आणि मला चालून आलेली नोकरी मी ‘अहो नको, कशाला उगीच’ असं म्हणून घालवली. कंपनीचं पत्र हातात असलं तर परवाना वाढतो, नसलं तर सामान बांधायचं, इतका साधा नियम. तो मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. एकशे बारा अर्ज करून झाले होते. त्यातल्या नव्वदांना उत्तरच नव्हतं, आणि एक सोडून बाकीच्यांनी आपण माझ्या अर्जाने फार प्रभावित झाल्याचं कळवून पुढे ‘परंतु’ लिहिलं होतं. एवढं सगळं झाल्यावर एक भला माणूस समोर बसून ‘सोमवारपासून या’ म्हणाला आणि मी त्याला नको म्हणाले. मला वेड वगैरे लागलं नव्हतं. मला आईने तसं वाढवलंय.

आमच्या घरात ‘नको’ला तीन पायऱ्या आहेत. पहिलं ‘नको’ नुसतं वळण म्हणून. दुसरं ‘नको’ समोरचा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, ते बघायला. तिसरं ‘नको’ आपण जवळजवळ हात पुढे करूनच म्हणतो. त्यानंतर घ्यायचं, तेही ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय म्हणून’ असं उपकार केल्यासारखं. मी पाच वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी बिस्किटांची बशी पुढे केली आणि मी पहिल्याच हाकेला दोन उचलली. आईने माझ्याकडे पाहिलं. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. ज्या नजरेने ती लोकांच्या दंडावरची शीर शोधते, त्याच नजरेने तिने मला पाहिलं. घरी जाताना रस्ताभर माझी शाळा घेतली गेली. त्या दिवसापासून मी कुणाचंही काहीही एका हाकेत घेतलेलं नाही.

मी इथे शिकायला आले ते पॅकेजिंग. वस्तू फुटू नये, सांडू नये, चेपू नये म्हणून ती कशात आणि कशी भरायची याचं शास्त्र. बाबांना हे अजून पटलेलं नाही. “खोकी बनवायला समुद्र ओलांडून जायचं?” असं ते ज्याला त्याला विचारत. आई म्हणायची, “पोरगी जे करते ते नीट करते, तुम्ही गप्प बसा हो.” आणि मला फोनवर सांगायची, “पण तू आपणहून कुणाला सांगत बसू नकोस हं, मी हुशार, मी हुशार म्हणून. लोकांना दिसतं.”

लोकांना दिसत नव्हतं. म्हणून मी युनिव्हर्सिटीच्या नोकरी-मार्गदर्शन खोलीत जायला लागले. खोली छोटी, खिडकीत एक सुकत चाललेलं रोप, भिंतीवर हात मिळवणाऱ्या हसऱ्या लोकांची चित्रं, आणि टेबलावर स्वयंपाकघरातलं असतं तसं टिक्‌टिक् करणारं टायमर. टेबलामागे सल्लागारबाई. परदेशी विद्यार्थ्यांना नोकरीला लावणं हे त्यांचं काम, आणि त्या ते इरेला पेटून करत. माझा बायोडेटा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचला.

“हे तू स्वतःबद्दल लिहिलंयस की तुझ्या कुणा शेजारणीबद्दल?”

“स्वतःबद्दलच. का?”

“इथे लिहिलंय, ‘पॅकेजिंगची थोडीफार माहिती.’ तू वर्गात पहिली आलीस ना?”

“ते आपलं त्या वर्षी पेपर सोपे होते म्हणून.”

बाईंनी टायमर फिरवलं. “तीस सेकंद. मी लिफ्टमध्ये भेटलेली मोठी अधिकारी आहे. तू कोण, तुला काय येतं, सांग. सुरू.”

मी पहिली बारा सेकंदं त्यांची तब्येत विचारण्यात घालवली. पुढची आठ, मी त्यांचा वेळ घेतेय याबद्दल माफी मागण्यात. उरलेल्या दहात मी माझ्या प्राध्यापकांचं कौतुक केलं. घंटा वाजली. बाई म्हणाल्या, “लिफ्ट वर पोचली. मी उतरले. तुझं नावसुद्धा मला कळलं नाही.”

असं सहा महिने चाललं. हात घट्ट मिळवायचा, डोळ्यांत बघायचं, ‘बहुतेक’ म्हणायचं नाही, आणि कुणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. “इथे शब्दामागे काही लपवलेलं नसतं,” बाई सांगायच्या. “नाही म्हणजे नाही. खोदत बसू नकोस.” हे मात्र मला चटकन जमलं. माझी रूममेट ‘मला भूक नाही’ म्हणाली की मी एकटीच निवांत जेवायला बसायचे. मोठी सोय वाटायची. चार महिन्यांपूर्वी आईला विचारलं होतं, “पदवीदानाला येतेस का?” ती म्हणाली, “नको ग, मला कशाला एवढं. रजा, विमान, सगळाच व्याप.” मी म्हणाले, “बरं.” आणि आम्ही दुसरं काही बोलायला लागलो.

मग एके दिवशी खोक्यांच्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. एकशे बारापैकी एकच.

कारखाना गावाबाहेर होता. आत शिरताच गरम कागदाचा आणि खळीचा वास. माणसापेक्षा उंच कागदाची रिळं एका बाजूने यंत्रात जात होती आणि दुसऱ्या बाजूने पुठ्ठा होऊन बाहेर पडत होती. आवाज एवढा की सगळे जण कानांवर जाड टोप्या लावून हातवाऱ्यांनी बोलत होते. तिथले मॅनेजर साठीच्या आसपासचे, कानामागे पेन्सिल, बाह्या कोपरापर्यंत वर. त्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं.

“कॉफी?”

“नको, नको.”

“ठीक,” म्हणाले, आणि स्वतःपुरती कॉफी ओतून आणली. बिस्किटांचा डबा उघडला. “बिस्कीट?” मी म्हणाले, “नको, आत्ताच खाऊन आले.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी सकाळपासून पाण्यावर होते. दोन बस बदलून आले होते. झाकण लागतानाचा तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो. खरं तर तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

प्रश्न-बिश्न त्यांनी फार विचारले नाहीत. सरळ चाचणीच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक खोकं ठेवलं होतं, आत काचेच्या बरण्या. “हे वरून टाकून बघितलं, कोपऱ्यावर, कडेवर, सगळ्या बाजूंवर. दहा वेळा टाकलं, एक बरणी फुटली नाही. पण गोदामात एकावर एक रचलं की खालचं खोकं दबून बसतं. तीन आठवडे डोकं खातंय आमचं.”

मी खोकं उघडलं. बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे होते. एक पट्टी ओढून काढली आणि कडेने उजेडात धरली. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये लाटालाटांचा तिसरा कागद असतो. त्या लाटा उभ्या राहिल्या तरच पुठ्ठा वजन पेलतो. इथे त्या आडव्या होत्या. कुणीतरी पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून पट्ट्या आडव्या कापल्या होत्या, आणि खोक्याच्या पोटात आधार असा उरलाच नव्हता.

“माझं चुकतही असेल,” मी म्हणाले, “पण हे बहुतेक आडवं कापलंय.”

मॅनेजरांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, दोन बोटांत दाबली. ती पटकन बसली. मग आडवी फिरवून दाबली. बसेना. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे ठेवली आणि मोठ्याने हसले. पट्टी घेऊन दाराबाहेर गेले, कापणी विभागातल्या कुणाला तरी दाखवून आले. परत येऊन म्हणाले, “आम्हाला तुम्ही हव्यात. सोमवारपासून या. पत्र छापायला सांगितलंय, आजच देतो.”

आणि माझ्या तोंडून आलं, “अहो नको, कशाला उगीच. माझ्यापेक्षा चांगले कितीतरी असतील.”

हे म्हणताना मला आतून इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. मी मान खाली घालून, ओठांवर हसू धरून, त्यांच्या दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होते. दुसरा आग्रह आला नाही. त्यांचा चेहरा जरा पडला. “तुम्ही स्पष्ट सांगितलंत, बरं झालं,” ते म्हणाले. “बरेच जण आधी हो म्हणतात आणि येतच नाहीत.” हात पुढे केला. मी तो घट्ट मिळवला, डोळ्यांत बघून, अगदी शिकवल्याप्रमाणे. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. बसचा नंबरसुद्धा सांगितला. बसमध्ये बसल्यावरही मी मागे वळून बघत होते. म्हटलं, येतील धावत.

घरी आल्यावर रूममेटला सांगितलं. ती दुसऱ्याच एका लांबच्या देशातली, बिनधास्त. माझ्या ताटातलं न विचारता उचलून खाते. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

“तुला नोकरी दिली?”

“हो.”

“आणि तू नाही म्हणालीस?”

“एकदाच म्हणाले ग. त्यांनी परत विचारायला हवं होतं.”

“का?”

चोवीस वर्षांत मला हा ‘का’ कुणी विचारलाच नव्हता. तेव्हा कुठे मी कॅलेंडर काढून उरलेले दिवस मोजायला बसले.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच मी सल्लागारबाईंच्या खोलीबाहेर उभी. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. मला वाटलं, आता या राजीनामा देणार.

“मला एक सांग. तुला ती नोकरी हवी आहे का?”

“म्हणजे तसं, मिळाली तर—”

“हो की नाही?”

“त्यांची काही अडचण नसेल तर—”

बाईंनी टायमर पुढ्यात ओढलं. “म्हण. ‘मला ही नोकरी हवी आहे.’ पाच सेकंदांचं काम आहे.”

मी तोंड उघडलं. ‘मला’पर्यंत ठीक गेलं. ‘हवी’पाशी घोडं अडलं. आईची शीर शोधणारी नजर समोर आली. बाई म्हणाल्या, “माझ्याकडे बघून जमत नसेल तर त्या रोपाकडे बघून म्हण.” मी रोपाला सांगितलं. मग कचऱ्याच्या डब्याला सांगितलं. मग बाहेरच्या फोटोकॉपीच्या यंत्राला सांगत होते, तेव्हा पाठीमागे प्रती काढायला उभा असलेला एक प्राध्यापक हळूच निघून गेला. अकराव्या वेळी आवाज नीट निघाला. बाई म्हणाल्या, “आता वाटेत कुणाशी बोलू नकोस, सांडेल. जा.”

दोन्ही बसमध्ये मी ओठ मिटून बसले होते.

मॅनेजर यंत्रापाशी होते, कानांवर जाड टोप्या, माझ्याकडे पाठ. मी मागून गेले आणि एकदम म्हणून टाकलं, “मला ही नोकरी हवी आहे.” काहीच नाही. ते पुठ्ठ्याची जाडी मोजत राहिले. मी पुढे जाऊन, जरा मोठ्याने, “मला ही नोकरी हवी आहे!” त्यांनी मला बघितलं, ओळखलं, हसले, आणि कानाकडे बोट करून मान हलवली. मग माझा संयम सुटला. चोवीस वर्षं न मागितलेली बिस्किटं, कॉफी, खिडकीजवळच्या जागा, सगळं एकदम उसळून आलं. मी टाचा उंचावल्या, त्यांच्या कानावरची टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि ओरडले, “मला ही नोकरी हवी आहे!”

कुणाच्या कानाला असा हात घालणं कुठल्याही मार्गदर्शनात बसत नाही. पण ऐकू गेलं.

ते मला केबिनमध्ये घेऊन गेले. “काल तर नको म्हणालात.”

मी त्यांना तीन पायऱ्या समजावून सांगितल्या. ते लक्ष देऊन ऐकत होते, खोक्याचा दोष ऐकावा तसे.

“म्हणजे काल कॉफी हवी होती?”

“हो.”

“आणि बिस्कीट?”

“दोन.”

त्यांनी डबा उघडून पूर्णच माझ्यासमोर सरकवला. मग गंभीर झाले. “काल संध्याकाळी मी दुसऱ्या एका मुलाला फोन केला. तो शुक्रवारपर्यंत विचार करून सांगतो म्हणालाय.”

माझ्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. माझ्याच तोंडाने मी माझा घास दुसऱ्याला वाढला होता. रडू नये म्हणून मी टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या पट्टीकडे बघत बसले. पट्टी नव्याने कापलेली होती. लाटा उभ्या.

“सकाळी अशीच कापून खोकी रचली,” ते म्हणाले. “एक बसलं नाही.” त्यांनी फोन उचलला, त्या मुलाला लावला आणि विचारलं, “आज सांगता का?” पलीकडून बरंच काही बोललं गेलं. हे ‘हं, हं’ करत होते. फोन ठेवून म्हणाले, “त्याला मोठ्या शहरातच राहायचंय. इथे यायला तो काही राजी नाही, फक्त सांगायला कचरत होता.” मग टेबलाच्या खणातून पत्र काढलं. त्यावर माझं नाव कालच छापलेलं होतं. “फाडायचं राहून गेलं,” म्हणाले. पेन्सिल पुढे केली, मग लक्षात येऊन पेन शोधायला लागले.

मी सही केली. एका हाकेत.

आईला फोन लावला तो फाटकाबाहेर बसची वाट बघतानाच. तिकडे संध्याकाळ होती, ती लॅबमधून नुकतीच आली होती. आधी नोकरीचं सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बाबांचा आवाज, “मिळाली का खोकी?” मग मी कालची गंमत सांगितली. हसून हसून सांगितली, म्हटलं आईही हसेल. ती भडकली.

“परत विचारलंच नाही त्यांनी? काय माणसं म्हणायची! एकदा नको म्हटलं की लगेच ‘बरं’? समोरच्याच्या मनात काय आहे ते जरा बघू नये?”

“अगं, इथे तसंच असतं.”

“असेल. पण बोलणाऱ्याला किती लागतं.”

ती हे त्या मॅनेजरांबद्दल बोलत होती. निदान मला आधी तसं वाटलं. मग बस आली आणि मी चढलेच नाही. चार महिन्यांपूर्वीचं माझं ते ‘बरं’ मला आठवलं. किती पटकन म्हटलं होतं मी. वर, आपण किती सरळ वागायला शिकलो म्हणून खूश झाले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आई, पदवीदानाला ये.”

“नको ग. आता तर तुझी नोकरी सुरू होणार, तुला कुठे वेळ.”

“दोन महिने आहेत. ये ना.”

“नको, मला तिकडचं काही कळत नाही. उगीच तुला लोढणं.”

मागून बाबा ओरडले, “अगं, पासपोर्ट काढून आणलाय तिने! तीन महिने झाले! टॉवेलांच्या घडीखाली ठेवलाय!”

“तुम्ही गप्प बसा हो!” आई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

“आई, मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू परत विचारलंच नाहीस,” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रस्त्यावर उभी राहून, एका हातात नोकरीचं पत्र, एका हातात फोन. मी नाक पुसलं, घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा विचारायला लागले, “आई, तू माझ्या पदवीदानाला—”

“हो,” ती म्हणाली. वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.